हमार्तिया म्हणजे चूक, 'स्वभावदोष' नव्हे

विचारणा अशी : इंग्रजी कादंबरीकार जॉर्ज एलियट हिने सोफोक्लीझच्या 'अँटिगनी' या ग्रीक शोकांतिकेवर लिहिताना नायिकेची 'हमार्शिया' (अ‍ॅरिस्टॉटलच्या मते नायकाला आपत्तीत लोटणारी गोष्ट) कोणती मानली, आणि त्याला मराठीत 'स्वभावदोष' म्हणावं का?

म्हणू नये. 'हमार्शिया'ही म्हणू नये. ग्रीकमध्ये तिथे 'ताउ' हे अक्षर आहे, आपला सरळ दंत्य 'त'. हरलेल्या कर्णधारापासून पडलेल्या मुख्यमंत्र्यापर्यंत सगळ्यांचा 'अहंकार हीच त्यांची हमार्शिया' हे ऐकून कान किटले. अ‍ॅरिस्टॉटल काव्यशास्त्राच्या 13व्या प्रकरणात सांगतो की नायकावर आपत्ती येते ती दुर्गुणामुळे वा दुष्टपणामुळे नव्हे, तर कुठल्याशा हमार्तियेमुळे. ज्या वाक्यात दुर्गुण बाद केला, त्याच वाक्यात तो मागच्या दाराने आत घ्यायचा? 'पाप' हा अर्थ बायबलच्या ग्रीकमधला. तो इथे लावू नये.

खरी गंमत धातूत आहे. होमरच्या इलियड या युद्धकाव्याच्या 5व्या सर्गात ट्रॉयच्या बाजूचा पांडरॉस ग्रीक वीर डायोमिडीझवर भाला फेकतो आणि लागला म्हणून ओरडतो. डायोमिडीझ उत्तरतो : चुकलास, लागला नाही. क्रियापद तेच, ज्यातून हमार्तिया आली : हमार्तानो. आता मराठी बघा. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, हिशेब चुकतो आणि माणूसही चुकतो. जैन पंडित हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्' (घसरणे, ढळणे) धातूचे आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारे प्राकृत धातू, दिलेत, त्यांत 'चुक्क' आहे आणि शेजारीच 'भुल्ल'. म्हणजे आपल्या 'चुकणे'च्याही मुळाशी घसरणं, ढळणं आहे. इतका नेमका शब्द घरात असताना समीक्षक 'प्रमाद' का काढतात कळत नाही. प्रमादात 'मद्' आहे, बेसावधपणा आहे. सोफोक्लीझच्याच दुसऱ्या शोकांतिकेचा नायक, नकळत बापाला मारणारा ईडिपस बेसावध कुठे होता? चौकशी तर तोच नेटाने करत होता.

एलियटचं म्हणाल तर तो लेख 29 मार्च 1856च्या 'द लीडर'मधला, एका शालेय आवृत्तीच्या निमित्ताने लिहिलेला. तेव्हा ती मेरियन इव्हान्स होती, टोपणनाव 1857चं. राजा क्रेऑन ढोंगी जुलमी आणि त्याचा हुकूम मोडून भावाला मूठमाती देणारी अँटिगनी निष्कलंक बळी, ही वाटणी तिला उथळ वाटते. जर्मन ग्रीकपंडित बॉएखचा हवाला देऊन ती म्हणते की इथे भिडतात ती दोन्ही तत्त्वं, देवाधर्माचं कर्तव्य आणि राज्याचा कायदा, ग्राह्य आहेत. तेव्हा एकट्या नायिकेची चूक शोधायला तिच्या वाचनात जागाच नाही.

आणि मूळ संहिता तिच्या बाजूची आहे. ओळी 926 ते 928 मध्ये अँटिगनी हमार्तानो आधी स्वतःला लावून बघते, मग विरोधकांना. 1024मध्ये आंधळा द्रष्टा टायरेसियस म्हणतो, चुकणं सगळ्याच माणसांना लागू. 1261मध्ये क्रेऑन आपल्याच चुका मोजत येतो.

अ‍ॅरिस्टॉटलला मात्र या नाटकातलं खुपलं ते वेगळंच. 14व्या प्रकरणात तो क्रेऑनचा मुलगा हेमॉन याचं उदाहरण देतो, तेही नापसंतीचं : जाणूनबुजून मारायला उठावं आणि मारू नये, हा सगळ्यांत वाईट प्रकार. पण सोफोक्लीझच्या 1234व्या ओळीत हेमॉन तलवार चालवतो, बाप निसटतो, वार चुकतो. क्रियापद तेवढं दुसरं आहे, 'अम्प्लाकेइन', अर्थ तोच.