जंगल वाढवलं की नदीचं पाणी वाढतं का?

तुम्ही विचारलंय, जंगल वाढवलं तर नदीला पाणी वाढेल का आणि सरकारने त्या हिशेबाने धोरण आखावं का. वर्षाचं एकूण पाणी बहुधा वाढत नाही, थोडं घटतंच. झाडं पाणी पितात, पानांवर अडलेला पाऊसही तिथल्या तिथे वाळतो. जंगलाने फरक पडतो तो पाणी कधी आणि कसं येतं यात.

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. पावसाळ्यात एखाद्या जुन्या देवराईत जाऊन बघा. वर पालापाचोळा, खाली काळी भुसभुशीत माती, मुळांनी आणि वाळवीने पोखरलेली. धो धो सरीतही पाणी आत जिरतं आणि खालच्या झऱ्याला सावकाश, नितळ येतं. शेजारच्या बोडक्या, गुरांनी तुडवलेल्या उतारावरून तीच सर लाल गढूळ होऊन लगेच व्हाळाला लागते. हे काम त्या मातीचं, आणि ती तयार व्हायला पिढ्या जातात. लावलेलं रोप प्यायला मात्र लगेच लागतं!

दक्षिण आफ्रिकेत हे मोजलंय. स्टेलनबॉशजवळ जॉन्करशूकच्या खोऱ्यात १९३० च्या दशकापासून ओढ्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. झुडपांच्या जागी पाइन लावल्यावर प्रवाह घटले. १९९८ च्या तिथल्या जलकायद्याने तर व्यापारी वृक्षलागवडीला प्रवाह घटवणारा वापर ठरवलं, त्यासाठी परवाना लागतो.

आपल्याकडे २०१९ साली ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. मोजणी रोपांची, ओढ्यांना काय झालं हे कोण विचारतो? माझ्या मते पहिला पैसा धरणांच्या पाणलोटातलं उभं जंगल राखायला जावा. मुंबईचे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव आजही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत, ते उगाच नाही. कातळसडे आणि गवताळ माळ यांना ‘पडीक’ म्हणत तिथे खड्डे खणणं तर थांबवावंच. निलगिरीसारखी झपाट्याने वाढणारी झाडं कमी पावसाच्या भागात नकोत. आणि वरच्या गावांनी रान राखलं, तर खालच्या शहराच्या पाणीपट्टीतून त्यांना वाटा मिळायला हवा. लागवड करायचीच असेल तर आधी आणि नंतर, दर मार्चमध्ये, ओढ्याचं पाणी मोजा.