कोंगाच्या आधी क्लावे

तबला येतो म्हणजे कोंगाही (हातानं वाजवायचा उंच क्यूबन ढोल) लवकर जमेल, हे तुमचं म्हणणं खरंय. तरी पहिला महिना कोंगा बाजूला ठेवा आणि नुसती सोन क्लावे टाळीवर घ्या. क्लावे म्हणजे क्यूबन संगीताचा पायाभूत पाच ठोक्यांचा ठेका, सोन हा त्याचा एक प्रकार. सोळा मात्रा मोजा, टाळी 1, 4, 7, 11 आणि 13 वर. पाय 1, 5, 9, 13 वर. सातव्या मात्रेच्या टाळीला पाय हमखास ओढला जातो. तिथे लय उतरवा, पण पाय थांबवू नका.

नवशिक्यांच्या चुका बहुधा याच:

- बेसच्या ठोक्याला सम धरणं. तुंबाओमध्ये, म्हणजे बेसच्या फिरत्या ठेक्यात, बेस पुढच्या आवर्तनाचा सूर आधीच घेऊन टाकतो.
- सोलोच्या भरात क्लावे उलटी होणं. तीन ठोके, मग दोन, ही पाळी मोडायची नाही.
- तिहाई घेऊन समेवर येण्याचा मोह. सध्या तो आवराच.

ऐकायला 1947 चं 'मांतेका' हे ध्वनिमुद्रण घ्या. ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी, कोंगावर हवानाचा चानो पोसो. सुरुवातीला एकेक वाद्य कसं चढत जातं ते ऐका आणि त्यावर क्लावेची टाळी धरून पाहा. मग माचितो या क्यूबन गायकाचा बँड.

रुम्बा क्लावे हा दुसरा प्रकार इतक्यात नको. टाळी न अडखळता पाच मिनिटं चालली की कळवा, पुढचं सांगतो.