उलट कोरलेली अक्षरं आधी वाचा

प्रश्न : इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थचं १७२४ सालचं ‘मास्करेड्स अँड ऑपराज’ हे व्यंगचित्र पाहिलं. त्यात गायक, जादूगार, विदूषक सगळ्यांचा उल्लेख आहे, पण ठसठशीत उठून दिसते ती गर्दीच. मग ही कलाकारांची टिंगल म्हणायची का?

उत्तर : मी स्वतः तांब्याच्या पत्र्यावर एचिंग, म्हणजे आम्लानं रेषा कोरून छपाई, करते, म्हणून माझी नजर आधी अक्षरांवर जाते. पत्र्यावर ती उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे कागदावर सुलटी उमटतात. एवढीशी ओळ कोरताना मान अवघडून जाते. एवढे कष्ट माणूस उगाच घेत नाही. होगार्थनं ते कुठे घेतले, ते बघा.

ऑपेराच्या फलकावर उमराव गुडघे टेकून गायिकेला ८,००० पौंड स्वीकारण्याची विनवणी करताहेत आणि ती दंताळ्यानं पैसे ओढून घेतेय. शेजारी फॉक्स या जादूगाराच्या हातचलाखीची पाटी. उजवीकडे विदूषकी ‘डॉक्टर फॉस्टस’ बघायला लोटलेली झुंबड. आणि मधोमध एकचाकी गाडी ढकलत चाललेली बाई. गाडीत शेक्सपिअर, ड्रायडन, काँग्रीव्ह या नाटककारांची पुस्तकं आणि तिची आरोळी : ‘दुकानांसाठी रद्दी!’ माझ्या मते सगळं चित्र या गाडीसाठी काढलंय. फलकावरच्या गायिकेपेक्षा तिच्यापुढे गुडघे टेकणाऱ्यांवर आणि शेक्सपिअर रद्दीत काढणाऱ्या लंडनकरांवर होगार्थचा खरा राग आहे.

चित्राची किंमत एक शिलिंग होती. लगेच निम्म्या किमतीत चोरट्या नकला निघाल्या. कोरणाऱ्याला १४ वर्षांचा हक्क देणारा कायदा व्हायला १७३५ उजाडलं. त्यासाठी झटणाऱ्यांत होगार्थ पुढे होता, याबद्दल आम्ही एचिंगवाले त्याचे कायमचे ऋणी आहोत.

तुमच्या शंकेचं याहून चोख उत्तर १७४९ मध्ये मिळतं. दारूच्या साध्या बाटलीत शिरून दाखवण्याची जाहिरात झाली आणि १६ जानेवारीला लंडनमधलं हेमार्केटचं नाट्यगृह भरलं. बाटलीत शिरणारा आलाच नाही. लोकांनी आतलं सामान रस्त्यावर ओढून पेटवून दिलं. ज्याची खिल्ली उडवायची तो रंगमंचावर फिरकलाच नव्हता, तरी व्यंगचित्रं निघाली. त्यातल्या एकाचं नाव ‘इंग्लिश क्रेड्युलिटी’, म्हणजे इंग्रजांचा भाबडेपणा.