दोन वर्षांत दवाखाना? गेवराईच्या एका वडिलांना उत्तर

(मुलगा बारावी सायन्स झालाय, नीटला एमबीबीएसपुरते गुण नाहीत. एक संस्था इलेक्ट्रोहोमिओपॅथीचा दोन वर्षांचा डिप्लोमा देते, ‘मग गावात दवाखाना टाका, कायद्याने परवानगी आहे’ म्हणते. फी भरू का, असं वडील विचारतात.)

दादा, नमस्कार.

कापसाच्या पट्टीचे पैसे अजून घरात आहेत, असं लिहिलंय तुम्ही. ते घरातच राहू द्या. या कागदावर पोराला दवाखाना टाकता येणार नाही.

संस्थेने दिलेलं केंद्र सरकारचं ५ मे २०१० चं पत्र तुम्ही जोडलंय. शिकवणं किंवा प्रॅक्टिस बंद करण्याचा प्रस्ताव नाही, एवढ्याच ओळीवर पिवळा मार्कर फिरवलाय. त्याच वाक्यात पुढे अट आहे: २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाच्या चौकटीत राहून. आणि तो आदेश सांगतो, मान्यता नसलेल्या पद्धतीत (इलेक्ट्रोहोमिओपॅथी त्यातलीच) पदवी-डिप्लोमा द्यायचा नाही, नावापुढे डॉक्टर लावायचं नाही. म्हणजे तुम्हाला विकताहेत तो डिप्लोमाच त्या चौकटीबाहेरचा! मला याचा खरंच संताप येतो.

नावात होमिओपॅथी आहे म्हणून फसू नका. हानेमानची होमिओपॅथी वेगळी, तिला कायदा आहे, डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद आहे. ही इटलीच्या मात्तेईने काढलेली वेगळी पद्धत.

आपल्याकडे रुग्ण तपासायचा हक्क सर्टिफिकेटने येत नाही, परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्यावर येतो. नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा दाखल होतो, तुरुंगवासही होऊ शकतो. असाच एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. तालुक्याच्या पथकाने बोर्ड उतरवलेला, हातात लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. ‘सर, यावर शिक्का तर आहे ना?’ एवढंच विचारत होता.

पोराला खरंच वैद्यक करायचं असेल तर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, बघा. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, पण शेवटी नोंदणी मिळते. नांदेड आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. नीटची पात्रता असेल तर राज्याच्या सीईटी सेलच्या आयुष प्रवेश फेऱ्यांत नाव नोंदवा. होमिओपॅथीची पदवी, बीएचएमएसही त्याच फेऱ्यांत येतं.

गुण आणि प्रवर्ग मला कळवा. आणि त्या संस्थेला एकच विचारा: पोराची नोंदणी कोणत्या परिषदेत होईल, लेटरहेडवर लिहून द्या.