स्वीडनचा आजवरचा सर्वांत मोठा हँडबॉलपटू कोण?

माझ्या मते मॅग्नस विस्लांडर. गोथेनबर्गचा पोरगा, रेडबर्गस्लिड क्लबात घडलेला. १९९० साली स्वीडन जगज्जेता झाला, हा त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जर्मनीतल्या कील क्लबात गेला. २००२ पर्यंत तिथेच. सात वेळा बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल हँडबॉल लीग, जिंकली. शिवाय स्वीडनकडून १९९९ चं विश्वविजेतेपद, चार युरोपीय विजेतेपदं. ऑलिंपिक सुवर्ण मात्र हुकलं ते हुकलंच: १९९२, १९९६, २०००, तिन्ही अंतिम सामने हरले!

मला जास्त कौतुक वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. मधून खेळ रचणारा हा सडपातळ गडी पुढे पिव्हट झाला, म्हणजे थेट गोलसमोरच्या धक्काबुक्कीत उतरला. आणि तिथेही भारी पडला.