पॉइंट टू टू : काडतुसांचा लॉट, रायफलचा स्टॉक आणि वाचकांचे प्रश्न

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (प्रोन म्हणजे आडवं पडून, नीलिंग म्हणजे गुडघ्यावर आणि स्टँडिंग म्हणजे उभं राहून) कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोख एअर रायफलवरून पॉइंट टू टूकडे, म्हणजे 0.22 इंची नळीच्या रायफलकडे, वळला आहे. एअर रायफलला पेलेट (छर्रे) स्वस्त पडतात आणि दहा मीटरवर वाऱ्याचा त्रास नसतो. पॉइंट टू टूमध्ये मात्र प्रत्येक राउंड (काडतूस) खिशाला जाणवतो, आणि परवान्यावर लिहिलेल्या आकड्यापुढे एकही राउंड घेता येत नाही. त्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांपैकी काडतुसं आणि स्टॉक (नळी ज्यात बसते तो रायफलचा लाकडी किंवा धातूचा सांगाडा) यांच्याबद्दलचीच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : मुलगी एअर रायफलमधून पॉइंट टू टूमध्ये आली. पदरमोड करून तिच्यासाठी एली कंपनीचं महागडं टेनेक्स काडतूस आणलं, पण सरावाच्या साध्या एसके काडतुसांचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा झुबका) त्याहून लहान येतोय. आम्ही फसलो का? (एक पालक, कराड)

तुम्ही फसलेले नाही आणि मुलीचंही काही चुकलेलं नाही. हे काडतूस बनतं कसं ते समजून घेतलं की उलगडा होईल.

मोठ्या रायफलच्या काडतुसाला बुडाशी मधोमध वेगळी कॅप असते. पॉइंट टू टूचं काडतूस रिमफायर, म्हणजे कडेवर पेटणारं; त्यात ती नसते. ठिणगी देणारा मसाला ओला असतानाच पितळी केसच्या (काडतुसाच्या पोकळ नळकांड्याच्या) तळाशी घालतात आणि केस जोरात फिरवून तो कडेच्या पोकळ घडीत पसरवतात. फायरिंग पिन ती कड चेपते आणि मसाला पेटतो. पिन जिथे बसली नेमका तिथेच मसाला विरळ असेल तर दारू वेगळ्या जोराने पेटते. मुळात दारू चिमूटभरच असते, त्यामुळे एवढासा फरकही गोळीच्या वेगात उतरतो. हिशोब करून बघा : दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला तर 50 मीटरवर त्या एकमेकींच्या वर-खाली साधारण 7 मिलिमीटरवर लागतात. आणि आपल्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटर व्यासाचं आहे.

म्हणून कारखान्यात प्रत्येक खेपेला लॉट नंबर देतात. एकाच गुऱ्हाळातला गूळ जसा प्रत्येक काहिलीला थोडा वेगळा उतरतो, तसं हे आहे. लापुआ कंपनीची वरच्या प्रतीची काडतुसं एकाच रांगेत तयार होतात आणि चाचणीच्या निकालावरून वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत जातात. पण ती चाचणी होते कारखान्याच्या नळ्यांवर, तुमच्या मुलीच्या नळीवर नव्हे. प्रत्येक नळीचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा), आतला घेर आणि नळीचं थरथरणं वेगळं असतं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना दोन वेगळे लॉट आवडतात, हे मी रेंजवर सतत पाहतो.

टेनेक्स हे उत्तम काडतूस आहे, यात वाद नाही. तुमच्या घरी आलेला लॉट त्या नळीला मानवला नाही, एवढाच याचा अर्थ. डबीवरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेवा, उरलेले राउंड स्टँडिंगच्या सरावाला वापरा आणि पुढच्या वेळी नावाऐवजी नंबर बघून खरेदी करा. वर्षभर एसकेच्या चांगल्या लॉटवर खेळली तरी मुलीचं काही अडणार नाही. या टप्प्यावर तिला महागड्या डबीपेक्षा जास्त राउंड हवेत.

प्रश्न : लॉट तपासा असं सगळे सांगतात, पण नेमकं कसं ते कुणी सांगत नाही. माझ्याकडे राउंड मोजकेच आहेत. चाचणीत किती घालवायचे? (महाविद्यालयीन नेमबाज, सांगली)

प्रश्न अगदी रास्त आहे. देशातले अव्वल नेमबाज यासाठी थेट कारखान्यांच्या चाचणी केंद्रांवर जातात. एलीचं केंद्र बर्मिंगहॅमला आहे, लापुआचं जर्मनीत श्योनेबेकला. तिथे रायफल पकडीत घट्ट बसवतात आणि एकामागून एक लॉट झाडतात. आपल्याला ते परवडणार नाही, पण त्यातलं बरंचसं 50 मीटरच्या कुठल्याही रेंजवर करता येतं. सांगलीहून पुण्यात बालेवाडीच्या रेंजला सरावाला जाणारच असाल, तर त्यातली एक सकाळ यासाठी राखून ठेवा.

दुकानदाराकडून तीन किंवा चार वेगवेगळ्या लॉटची एकेक डबी मागा. डबीत 50 राउंड असतात. हे राउंड तुमच्याच परवान्यावर घ्या आणि तुम्हीच झाडा. मित्राच्या परवान्यावरची काडतुसं "नुसती बघायला" म्हणून घेणं हा गुन्हा आहे, त्या फंदात पडू नका.

रेंजवर गेल्यावर नळी साफ करा. मग पहिल्या लॉटचे दहा-पंधरा राउंड मातीच्या बांधावर सोडा. हे राउंड वाया जात नाहीत. प्रत्येक कंपनीचं मेण किंवा ग्रीस वेगळं असतं, आणि आधीच्या काडतुसाचा थर नळीत असेपर्यंत नवीन काडतूस आपला खरा गुण दाखवत नाही. चाचणीतली सर्वांत मोठी गफलत इथेच होते : लोक एका डबीचे पाच राउंड मारतात, लगेच दुसरीचे पाच, आणि निकाल देऊन मोकळे होतात.

थर बसला की पुढून-मागून वाळूच्या पिशव्या लावून, आडवं होऊन, दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप मारा. पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही सुंदर येतो, त्यावर विसंबू नका. वारा उठायच्या आत हे उरका. सेकंदाला एक मीटर वेगाची, गालाला जेमतेम जाणवणारी आडवी झुळूकसुद्धा गोळीला 50 मीटरवर सुमारे 6 मिलिमीटर सरकवते, आणि मग तुम्ही लॉटऐवजी वारा तपासत बसता.

आता कागद बघा. तिन्ही ग्रुप ट्रेसिंग पेपरवर एकावर एक उतरवा, म्हणजे तीस गोळ्यांचं एकच चित्र मिळेल. गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या असतील तर वेग सारखा नाही. तो लॉट बाजूला ठेवा. आडव्या पसरल्या असतील तर आधी वाऱ्यावर आणि स्वतःच्या पकडीवर संशय घ्या. आणि लांब गेलेली गोळी "माझीच चूक झाली" म्हणून मनातून वगळू नका. ट्रिगर नीट सुटला असेल तर ती गोळी लॉटच्याच खात्यात धरा. मी लॉट निवडताना सगळ्यांत सुंदर ग्रुप बघत नाही, सगळ्यांत वाईट ग्रुप बघतो. ज्याचा वाईटातला वाईट ग्रुपही दहाच्या आसपास राहतो, तो लॉट स्पर्धेला न्यावा.

पसंत पडलेला लॉट दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा तपासा आणि परवाना व खिसा परवानगी देतील तेवढा ताबडतोब घेऊन टाका. महिन्याभराने गेलात तर डबी तीच असेल, नंबर दुसरा असेल. दुकानात बसून प्रत्येक डबीवरचा नंबर वाचा. 500 च्या खोक्यात मध्येच दुसऱ्या लॉटची डबी आली तर ती तिथेच बदलून मागा.

प्रश्न : हाय व्हेलॉसिटी काडतूस जास्त वेगाने जातं, मग त्याला वारा कमी लागायला हवा ना? (वाई)

सगळ्यांना असंच वाटतं, पण होतं उलट. वाऱ्याने गोळी किती सरकेल हे हवेच्या विरोधामुळे गोळीला वाटेत किती उशीर झाला यावर ठरतं. गोळी आवाजाच्या वेगापुढे गेली की तो विरोध एकदम वाढतो. हाय व्हेलॉसिटी गोळी साधारण 380 मीटरच्या वेगाने निघते आणि तो जादा वेग वाटेतच घालवून बसते, त्यामुळे आडव्या वाऱ्यात ती मॅच (स्पर्धेच्या) काडतुसापेक्षा जास्त सरकते. मॅच काडतुसं म्हणूनच मुद्दाम 330 च्या आसपास, आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असतात. टार्गेटसाठी हाय व्हेलॉसिटी घेऊच नका.

प्रश्न : मिरजेत सतार-तंबोरे करणारे एवढे कसबी कारागीर आहेत. त्यांच्याकडून रायफलचा लाकडी स्टॉक करून घेता येईल का? ॲल्युमिनियमचा आयात स्टॉक आवाक्याबाहेर आहे. (मिरज)

हे पत्र वाचून मला फार बरं वाटलं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं घडवणारी शिकलगार घराणी मुळात शस्त्रांना धार-पाणी करणारी, त्यामुळे हत्याराशी या हातांचं नातं जुनंच आहे. पण हे काम त्यांना देताना दोन भाग वेगळे करा.

स्टॉकचा एक भाग रायफलच्या पोलादाला धरतो : ॲक्शन (नळीमागचा, बोल्टचा पोलादी भाग) जिथे बसते तो खाचा आणि स्क्रूची भोकं. दुसरा भाग तुमच्या शरीराला लागतो : गालाखालचा चीकपीस, पिस्तूल ग्रिप, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटची जागा. पहिल्या भागाला हात लावू देऊ नका. तिथे केसभर फरक पडला की प्रत्येक गोळीगणिक ॲक्शन वेगळी बसते. शिवाय वाद्यांना लागतं ते तुणीचं लाकूड हलकं आणि मऊ असतं, स्क्रू आवळले की ते चेपतं. कारखान्याचा जुना, साधा स्टॉक मिळवा, तो तसाच राहू द्या, आणि दुसरा भाग मिरजेत करून घ्या.

ग्रिपपासून सुरुवात करा. आहे त्या ग्रिपवर एपॉक्सी पुट्टीचा थर द्या आणि प्रोनमध्ये आडवं होऊन, स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा) लावून, हात ठेवतो तसा तिच्यावर ठेवा. तळहाताच्या टाचेखाली पुट्टी भरते, बोटांच्या फटींतून वर येते. वाळल्यावर ट्रिगरवर तर्जनीचं पहिलं पेर सरळ मागे सरकतंय का बघा. बोट स्टॉकला घासत असेल तर तिथली पुट्टी कानशीने उतरवा. असे आठ-दहा दिवस वापरून आकार पक्का झाला की तो नमुना कारागिराला द्या. चांगली वाळलेली शिसम किंवा अक्रोड वापरायला सांगा. सागवान पाहिजेच असेल तर चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसायला सांगा, कारण सागाच्या अंगच्या तेलामुळे एपॉक्सी धरत नाही. शिसम जड असते, आणि पुरुषांच्या 50 मीटर रायफलला सगळ्या जोडण्यांसकट 8 किलोची मर्यादा आहे, त्यामुळे आधी काटा करा. ग्रिपचा तळ स्लिंगवर किंवा डाव्या हातावर टेकता कामा नये, हा नियमही कारागिराला सांगून ठेवा. नाहीतर सुंदर काम इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या, टेबलावर अडेल.

चीकपीसची उंची ठरवायला यंत्र लागत नाही. पोझिशन घ्या, डोळे मिटा, गाल अलगद टेकवून दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. मागच्या साइटच्या भोकात पुढची साइट मधोमध दिसली पाहिजे. ती बघायला मान दाबावी किंवा उचलावी लागली तर उंची चुकलेली आहे. प्रोन, नीलिंग आणि स्टँडिंगला ही उंची वेगवेगळी येते. तिन्हींच्या खुणा करून ठेवा.

आणि ॲल्युमिनियमच्या स्टॉकबद्दल : त्याचे फायदे खरे आहेत, तो पावसाने फुगत नाही आणि त्याची जुळवाजुळव मिलिमीटरने करता येते. पण तो नळीला न मानवणारा लॉट सुधारू शकत नाही. पैसे मर्यादित असतील तर माझा सल्ला ठाम आहे : आधी लॉट, मग ग्रिप आणि चीकपीस, आणि त्यातूनही पैसे उरले तर नवा स्टॉक.

प्रश्न : माझी जुनी लाकडी स्टॉकची आन्शुट्झ रायफल उन्हाळ्यात छान चालते. पावसाळ्यात झीरो (साइट जुळवून पक्का केलेला नेम) सरकतो आणि ग्रुप उघडतो. काडतुसं तीच आहेत. (सातारा)

काडतुसं तीच असतील तर संशय लाकडावर घ्या. साताऱ्याच्या पावसात अक्रोडाचं जुनं लाकूड दमट हवा शोषतं, फुगतं आणि ॲक्शनवर किंवा नळीवर दाब देतं.

रायफल रिकामी करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. कागदाची एक पट्टी नळी आणि स्टॉक यांच्या फटीत घालून ॲक्शनच्या दिशेने सरकवा. वाटेत अडली तर तिथे लाकूड नळीला टेकतंय. मग डाव्या हाताचं बोट नळी आणि स्टॉकच्या सांध्यावर असं ठेवा की दोन्ही एकदम जाणवतील, आणि उजव्या हाताने पुढचा ॲक्शन स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाखाली काहीच हललं नाही तर बेडिंग (ॲक्शनची स्टॉकमधली बैठक) ठीक आहे. नळी स्टॉकपासून उचललेली जाणवली, तर स्क्रू आवळल्यावर ॲक्शन वाकत होती. अशा वेळी जाणकार बंदूक कारागिराकडून पिलर (स्क्रूभोवतीच्या धातूच्या नळ्या) आणि एपॉक्सी बेडिंग करून घ्या. घरी रंधा चालवू नका.

स्क्रू पुन्हा आवळताना पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क रेंचनेच आवळा, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला व शेवटी तपासा. आतून उघडं पडलेलं लाकूड उन्हाळ्यातच सील करून घ्या. रायफल ओल्या कव्हरमध्ये रात्रभर ठेवू नका.

प्रश्न : मी निवृत्त फौजी. नातू एनसीसीत आहे, त्याला पुढे पॉइंट टू टू खेळायचं आहे. इशापूरची रायफल आणि देशी काडतुसं यांच्यावर सुरुवात केली तर चालेल का? (अपशिंगे)

जरूर चालेल. देशी काडतुसाकडून 50 मीटरवर दहाच्या वर्तुळाची अपेक्षा धरू नका, पण श्वास, ट्रिगर आणि गोळी सुटल्यानंतरही नेम धरून राहणं, हे सगळं त्यावर शिकता येतं. नातवाला 25 मीटरवर प्रोनमध्ये बसवा आणि भोकांपेक्षा साइटकडे लक्ष द्यायला सांगा. गोळी सुटल्यावर पुढची साइट आपोआप त्याच टार्गेटवर परत येते का? शेजारच्या टार्गेटकडे वळत असेल तर अंग पिळलेलं आहे. कोपर जागेवर ठेवून कमरेपासून सरकायला सांगा.

एनसीसीच्या रायफलचा स्टॉक बहुतेक पोरांना लांब पडतो, आणि ती सरकारी असल्याने तिच्यात फेरफार करता येत नाही. क्लबमधल्या रायफलला बट कमी-जास्त करण्याची सोय असेल, तर आखूड करून तिच्यावर सराव द्या. काडतुसं आणताना-नेताना गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. एप्रिल-मेच्या तापात गोळीवरचं मेण विरघळतं आणि तापलेली दारू जास्त वेग देते. रायफल वेगळी, काडतुसं वेगळी, दोन्ही कुलपात, परवाना सोबत. हे तुम्हा फौजीला सांगायला नको, पण नातवाकडून पहिल्या दिवसापासून करून घ्या.