पॅलिएटिव्हला हो म्हटलं म्हणजे आईला सोडून दिलं का?

मेलबर्नमध्ये आपल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. हॉस्पिटलवाले म्हणाले 'पॅलिएटिव्ह केअर टीमला भेटा' (आजाराचा त्रास कमी करणारी टीम) की मुलांना वाटतं झालं, डॉक्टरांनी हात टेकले, आणि आईला कळलं तर ती धीरच सोडेल.

एक दादा असेच आले होते (नावगाव सांगत नाही). आईला फुप्फुसाचा कॅन्सर, केमो चालू, आणि डॉक्टरांचं बोलणं मराठीत आईला दादाच सांगणार, म्हणजे काय तर 'थोडं इन्फेक्शन आहे गं, होशील बरी'. मी त्यांना आधी सांगितलं की पॅलिएटिव्ह म्हणजे ट्रीटमेंट बंद नाही, धाप, दुखणं, झोप, घरच्यांचं टेन्शन हे सगळं बघणारी जादाची टीम असते, केमोसोबतही चालते, नर्स घरीसुद्धा येते. मॉर्फिन म्हटल्यावर ते दचकलेच, पण धापेसाठी ते अगदी थोड्या डोसने देतात, त्याने माणूस लवकर जात नाही.

मग इंटरप्रिटर (दुभाषी) मागायला लावला, सरकारी हॉस्पिटलात तो फुकट मिळतो. दादांच्या आईने, म्हणजे काकूंनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला काय कळत नव्हतं व्हय? एवढं केस गेलं ते इन्फेक्शननं का?" आणि मग बोलतच राहिल्या, नळ्या लावून आयसीयूत पडायचं नाही, थोडं दुखलं तरी चालेल पण गुंगीत ठेवू नका, नातवाशी बोलायचंय. आणि स्वतःला ठरवता आलं नाही तर निर्णय घेणारी म्हणून नाव दिलं सुनेचं! "ह्यो रडत बसंल, ती इचारून घील." दादांना लागलं ते, पण माझ्या मते काकूंनी अचूक माणूस निवडला.

व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, यासाठी 2016 चा कायदा आहे, 2018 पासून लागू. अॅडव्हान्स केअर डिरेक्टिव्हमध्ये (पुढच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायचा कागद) 'हे उपचार नकोत' असं स्पष्ट लिहिलं तर ते डॉक्टरांवर बंधनकारक असतं, आणि 'मला काय महत्त्वाचं' हे वेगळ्या भागात लिहिता येतं, निर्णय घेणारा माणूस नेमायचा फॉर्म वेगळा. डिरेक्टिव्हला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक डॉक्टर, आणि सून निर्णय घेणारी असल्यामुळे तिची सही साक्षीदार म्हणून चालली नाही, शेजारच्या ताईंनी केली. काकूंना समज आहे तोवर त्या स्वतःच बोलणार, मन बदललं तर कागदही बदलता येतो. एक कॉपी जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे), एक हॉस्पिटलात द्या. सिडनी, ब्रिस्बेनवाल्यांनी आपापल्या राज्याचा फॉर्म बघा, नियम वेगळे आहेत, आणि इंटरप्रिटर फोनवर हवा असेल तर 131 450.